आजीची यादी : प्रकल्प नोंदी

५ मार्च २०२५, राखेचा बुधवार

सकाळच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परत आलो. ईस्टरआधीचा उपवासकाळ आज सुरू झाला. कपाळावरची राख कुणीच पुसली नाही. धाकट्याने (वय ६) विचारलं, ही राख कुणाच्या चुलीतली? आजी उठली, अल्तारावरच्या येशूहृदयाच्या तसबिरीमागे वर्षभर खोचलेली वाळकी झावळी काढून तिने त्याच्या हातात दिली. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळतात, त्यांची राख यंदा लागते. तो दिवसभर ती झावळी घेऊन फिरत होता.

प्रकल्प आजच ठरला. ईस्टरपर्यंत घरातले जुने फोटो, कागद आणि आजीच्या आठवणी एका जागी आणायच्या. आमचं घर वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं, चार पिढ्यांचं. मुलं सहा, सगळी २०२० पासून घरीच शिकतात. थोरलीकडे (१५) रेकॉर्डिंग, दोघा मुलग्यांकडे (१३ आणि ११) फोटो, जुळ्या मुलींकडे (९) हाताने नक्कल करून ठेवण्याचं काम. धाकट्याकडे पेटी उघडणं आणि बंद करणं. हे काम त्यानेच मागून घेतलं.

मुलांची आजी ८४ वर्षांची आहे. डॉक्टरांनी जानेवारीत सांगितलं ते मुलांना अजून सांगितलेलं नाही. घाई त्यामुळे आहे.

११ मार्च

पहिलं रेकॉर्डिंग वाया गेलं. आजी चाळीस मिनिटं लग्नाच्या आदल्या रात्रीच्या उंबराच्या पाण्याच्या विधीबद्दल बोलली. बायका वाजतगाजत विहिरीवर कशा गेल्या, कळशी कुणाच्या डोक्यावर होती. ऐकायला बसलो तर सगळा पंख्याचा आवाज. थोरली रडली. आजी म्हणाली, "रडतेस कशाला, मी कुठे पळून चालले? उद्या परत सांगेन."

दुसऱ्या दिवशी तिने परत सांगितलं, पण कळशी दुसऱ्याच बाईच्या डोक्यावर गेली. दोन्ही लिहून ठेवलं.

आता नियम केला आहे: पंखा बंद, फोन उशीवर, आधी एक मिनिट घेऊन ऐकून बघायचं, आणि दुपारी तीननंतर रेकॉर्डिंग नाही, कारण तेव्हा आजी थकलेली असते.

१८ मार्च

फोटो. १९८०च्या सुमाराचे दोन अल्बम चिकट पानांचे आहेत. वसईच्या पावसाळ्यांत ती पानं पिवळी पडतात, इथे चाळीसच्या वर झाले. फोटो ओढला की फाटतो. दात साफ करायचा बारीक दोरा (वास नसलेला) फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवला तर सुटतो. ११ वर्षांच्याला हे इतकं जमलं की त्याने एका सकाळी तेवीस फोटो सोडवले आणि एकही फाडला नाही. ज्या फोटोंवर बुरशीचे ठिपके आहेत त्यांना हात लावायचा नाही, ओलं फडकं तर मुळीच नाही. आहे तसा फोटो काढून ठेवायचा. मूळ प्रती स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. डिजिटल प्रती तीन ठिकाणी: आमचा संगणक, एक हार्ड डिस्क, आणि दुबईला माझ्या दिरांकडे.

फोटोंच्या मागे नाव लिहिलेले फक्त नऊ निघाले. बाकी सगळे आजीच्या डोक्यात.

२६ मार्च

आजचा इतिहास स्वयंपाकघरात झाला. पोर्तुगीज वसईत १५३४ ला आले आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. मधली दोनशे पाच वर्षं कुठे गेली, असं विचारून मी मुलांना ओट्याजवळ उभं केलं. सापडलेले शब्द: पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, परात, घमेलं, पिंप, बादली, चावी. मग आजीने आपल्या जातीचं नाव सांगितलं. कुपारी. ते 'कोंपाद्रे'वरून आलं असं म्हणतात, म्हणजे बाप्तिस्म्याने जोडलेलं नातं, एकाच्या मुलाचा दुसरा धर्मपिता. सोयरिकीचा शब्द सगळ्या समाजाचं नाव होऊन बसला हे मला फार आवडतं.

१ एप्रिल

ज्या गोष्टीकडे इतकी वर्षं लक्ष दिलं नाही ती आज दिसली.

आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला जपमाळ (रोझरी) होते. शेवटी आजी मेलेल्यांसाठी प्रार्थना घेते आणि एकेक नाव म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकते आहे. तान्हं मूल मांडीवर, कुकरची शिट्टी, गुडघ्याखाली चटई, आणि आजीचा एका सुरातला आवाज. नावं कधी ऐकली नाहीत, सूर ऐकला. आज थोरलीने विचारलं, "मम्मी, ही नावं आपल्या यादीत घेतली का?"

घेतली नव्हती. आम्ही पेट्या उपसत होतो आणि घरातला सगळ्यांत जुना कागद रोज संध्याकाळी आमच्यासमोर वाचला जात होता.

२ एप्रिल

लिहून घेतली. सत्तावीस. आजीला एकेक थांबून सांगता येत नाही. मध्ये तोडलं की ती पहिल्यापासून सुरू करते. म्हणून रेकॉर्ड करून नंतर उतरवलं. पेद्रू, बस्त्याव, बस्त्यावची बायको, दुमिंग, पास्कू… मग इनास, इनासची आई. नववं नाव असं: "रहाटावरचा पोर".

कोण? आजी म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या तसं म्हणते. मी विचारलं नाही."

सत्तावीसपैकी दहा बायका, आणि त्यातल्या सहांना स्वतःचं नाव नाही. कुणाची आई, कुणाची बायको. जुळ्यांनी हे मोजलं.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

मिरवणुकीला सगळे गेलो. नवी झावळी तसबिरीमागे गेली. जुनी धाकट्याने परत दिली नाही, त्याच्या वहीत आहे.

या आठवड्यात नक्कल करणाऱ्या जुळ्यांना फादर थॉमस स्टीफन्सची गोष्ट सांगितली. मूळचा इंग्लंडचा, जेझुइट संघाचा धर्मगुरू, १५७९ ला गोव्यात उतरला आणि मराठी ओव्यांत क्रिस्तपुराण रचलं. १६१६ ला ते छापलं गेलं, आणि त्या पहिल्या छपाईची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने केलेल्या नकलांमुळे. तेव्हापासून दोघींचं अक्षर सुधारलं आहे.

२१ एप्रिल

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली, पोप फ्रान्सिस गेले. कालच त्यांनी व्हॅटिकनच्या चौकातल्या लोकांना आशीर्वाद दिलेला आम्ही पाहिला होता. संध्याकाळी आजीने सत्तावीस नावं म्हटली आणि शेवटी, गेल्या दोन फादरांच्या नावांनंतर, "पोप फ्रान्सिस" म्हटलं. १३ वर्षांच्याने मला नंतर विचारलं, "शेवटीच का? ते तर सगळ्यांत मोठे." मला उत्तर आलं नाही. आजीला विचारलं तर म्हणाली, "देवळाकडची माणसं शेवटी येतात."

देऊळ म्हणजे आमच्याकडे चर्च, पण "देवळाकडची" म्हणजे काय, हे तेव्हा कळलं नाही. इथे लिहून ठेवते, कारण पुढे हाच शब्द कामाला आला.

९ मे

काल रात्री नवे पोप निवडले गेले, लिओ चौदावे. निवडीचा धूर ज्या धुराड्यातून येतो त्याच्यासमोर बसल्यासारखी मुलं टीव्हीसमोर बसली होती. आज अभ्यास नाही.

१४ मे

भूगोल: जुळ्यांना वाडीचा नकाशा काढायला दिला. मोजमाप पावलांनी, दिशा होकायंत्राने. मधोमध बावखल. वसईबाहेरच्यांसाठी: बावखल म्हणजे वाड्यांमधलं वेड्यावाकड्या आकाराचं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात मुरतं, विहिरी त्यावर जगतात, आणि पूर्वी त्याच्या काठावर रहाट असत. केळी, पानवेली, भाजी, सगळं त्या पाण्यावर. आमच्या बावखलाचा जवळजवळ अर्धा भाग भराव टाकून बुजला आहे. उरलेल्यात मेमध्ये गुडघाभर पाणी आणि जलपर्णी.

जुळ्या आजीला खुर्चीवर बसवून काठाशी घेऊन गेल्या आणि विचारू लागल्या, इथे कुणाचं घर होतं, इथे कुणाचं. आजीने हात उचलला आणि गोल फिरवत सांगायला लागली. पेद्रूचं, बस्त्यावचं, दुमिंगचं, पास्कूचं, इनासचं…

जुळ्यांपैकी एक धावत घरात आली. "मम्मी, आजी रोझरीतली यादी म्हणतेय!"

१५ मे

रात्रभर झोप नाही. नकाशा आणि यादी शेजारी ठेवली. जुळ्यांचंच खरं. आजीची नावं वयाने लागलेली नाहीत, मृत्यूच्या तारखेने नाहीत, नात्यानेही नाहीत. मी तीनही प्रकारे लावून बघितली होती आणि आजीच्या वयावर सोडून दिलं होतं. ती बावखलाभोवती लागली आहेत. आमच्या दारातून निघून उजवीकडून, घर घर करत, पाण्याला वळसा घालून, आणि शेवटी देवळाच्या वाटेला. फादर आणि पोप त्या वाटेवर. कुणीतरी, आजीच्या सासूने किंवा तिच्याही आधी, रोज संध्याकाळी गुडघ्यावर बसून हा फेरा मारला. घरं पडली, लोक मुंबईला गेले, पाणी बुजलं, आणि फेरा तसाच राहिला.

आजीला हे सांगितलं. तिने मान हलवली. "मला माहीत नव्हतं. पण म्हणताना पायाखाली वाट येते खरी."

१६ मे

मग नववं नाव. आठवं इनासची आई, दहावं पुढच्या घरातलं. नकाशावर त्या दोन घरांमध्ये घर नाही. तिथे दोन दगडी खांबांची बुंधं आहेत, गवतात. रहाटाची.

२ जून

आजीच्या नणंदेला, म्हणजे मुलांच्या आत्याआजीला भेटायला गेलो. नव्वदीच्या. ऐकू कमी येतं, आठवण स्वच्छ. थोरलीने उशीवर फोन ठेवला, पंखा बंद केला.

त्यांनी जे सांगितलं ते असं. त्या लहान असताना रहाटावर बैल हाकायला एक मुलगा होता. पूर्वेकडून, तुंगारेश्वराच्या डोंगराखालच्या एका पाड्यावरून आलेला, दहाअकरा वर्षांचा. रहाट पहाटे जुंपत. एका पहाटे तो पाण्यात गेला. बैल थांबलेले बघून लोकांना कळलं. त्याची माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. त्या संध्याकाळी आत्याआजींच्या आईने, आजीच्या सासूने, जपमाळेनंतर त्याला यादीत घेतलं.

थोरलीने विचारलं, "त्याचं नाव काय होतं?"

"पोर म्हणायचे सगळे."

परतीच्या रिक्षात कुणी बोललं नाही.

९ जून

आठवडाभर हे मनातून जात नाही. आमच्या घराने त्या मुलाला इतकी वर्षं रोज आठवलं. आणि आमच्या घराने त्याला कामाला ठेवलं, पहाटे अंधारात, आणि नाव विचारलं नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईने केल्या, आणि ती बाई मला जशी कळते तशी फार प्रेमळ होती. मी यातली एक गोष्ट पुसून दुसरी ठेवू शकत नाही. वहीत दोन्ही जातील.

१८ जून

पाऊस. थोरलीची राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीची नोंदणी केली. चौदा पूर्ण लागतात, पाच विषय. तिने चित्रकला घेतली. या सगळ्याची जी पुस्तिका करायची आहे तिचा नकाशा तीच रंगवणार आहे.

३ जुलै

पॅरिशच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कार्यालयात बाप्तिस्म्याची जुनी रजिस्टरं बघायला परवानगी मिळाली. फादरांनी दोन तास स्वतः पानं उलटून दिली, हातमोजे घालून.

रजिस्टर का असतं हे मुलांना आधी सांगितलं होतं. बाप्तिस्मा आणि लग्न लिहून ठेवा, असा हुकूम ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ ला काढला. आमची चर्चेस १९२८ पर्यंत दमणच्या धर्मप्रांताखाली होती, त्यामुळे आमच्या आजेपणज्यांची पानं पोर्तुगीजमध्ये आहेत. 'फिल्यू द' म्हणजे 'अमक्याचा मुलगा', एवढं आलं तरी काम चालतं. त्याच्यापुढे बापाचं नाव, आणि मग, प्रत्येक वेळी, आईचं.

घरी इनास, कागदावर इनासियू. आणि इनासची आई: मोनिका.

१३ वर्षांच्याने ते नाव मोठ्याने वाचलं तेव्हा कार्यालयातल्या बाईंनीही मान वर केली. दुपारपर्यंत सहापैकी चार बायकांची नावं मिळाली. दोघींची पानं वाळवीने खाल्लेली.

रहाटावरच्या पोराचं पान असण्याचं कारणच नाही. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. त्याच्या असण्याची आमच्याकडची एकुलती एक नोंद म्हणजे आजीचा आवाज.

४ जुलै

संध्याकाळी आजीने यादी म्हटली. इनासपर्यंत आली, थांबली, आणि "इनासची आई, मोनिका" म्हणाली. मध्ये तोडलं की पहिल्यापासून सुरू करणारी आजी.

२५ जुलै

फादर फ्रान्सिस दिब्रिटो जाऊन आज वर्ष झालं. मराठीच्या तासाला त्यांचंच वाचलं. नंदाखालचा हा माणूस २०२० ला उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. बायबलच्या त्यांच्या मराठी अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आमच्या अल्तारावर तीच प्रत आहे. पण मुलांना मी आज त्यांच्या हरित वसईच्या लढ्याबद्दल जास्त सांगितलं. पाणी आणि झाडं वाचवायला एक धर्मगुरू रस्त्यावर उतरतो, हे त्यांना बावखल बघितल्यावर आता समजतं.

३० ऑगस्ट

संत गोन्सालो गार्सिया शिकवले. जन्म वसईचा, बाप पोर्तुगीज, आई इथली. १५९७ च्या ५ फेब्रुवारीला जपानात नागासाकीला पंचवीस जणांबरोबर क्रूसावर मारले गेले. १८६२ ला संतपद. जुळ्यांनी लगेच विचारलं, आईचं नाव? आमच्या पुस्तकात नाही. या घरात आता हा प्रश्न प्रत्येक गोष्टीला विचारला जाणार, असं दिसतं.

७ ऑक्टोबर, जपमाळेच्या मातेचा सण

आजी गेले दहा दिवस अंथरुणावर. मुलांना आता सांगितलं आहे. जपमाळ तिच्या खोलीत होते. आवाज बसला आहे, म्हणून यादी आज पहिल्यांदा मुलांनी म्हटली, एकेकाने एकेक घर. आजीचे ओठ हलत होते. १३ वर्षांच्याने पास्कू आणि दुमिंग उलटे घेतले, तर तिने बोटाने चटईकडे, मग उजवीकडे दाखवलं.

१२ ऑक्टोबर

पुस्तिका तयार: छत्तीस पानं, चाळीस प्रती, नातेवाइकांपुरत्या. मधल्या दोन पानांवर थोरलीचा नकाशा. पाणी तिने पूर्वीएवढं रंगवलं आहे आणि बुजलेल्या भागावर बारीक तुटक रेघ मारली आहे.

नवव्या जागेवरून वाद झाला. मुलांचं म्हणणं, त्या मुलाला आपण एक नाव देऊ या, चांगलंसं. धाकट्याने स्वतःचंच देऊ केलं. मला ते गोड वाटलं आणि मी जवळजवळ हो म्हणाले. आजीला विचारायला गेलो. तिला बोलायला वेळ लागला.

"त्याच्या आईने ठेवलं होतं ना त्याला नाव. आपण दुसरं लावायचं नाही."

नकाशावर दोन खांब काढले आहेत आणि त्यांच्या शेजारी एक कोरी ओळ सोडली आहे.

२ नोव्हेंबर, मृतांचा दिवस

संध्याकाळी कबरस्तानात मिस्सा. दरवर्षीसारखी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या आणि झेंडूच्या माळा. मोनिकाची कबर नक्की कुठली ते कळत नाही, पण इनासच्या शेजारी मुलांनी एक मेणबत्ती तिच्या नावाने लावली, नाव घेऊन.

परत येताना बावखलाकडून आलो. दोन बुंध्यांवर दोन मेणबत्त्या. वारा होता, धाकट्याने आपली वाळकी झावळी आडोशाला धरली. ह्यांनी गवत आधीच कापून ठेवलं होतं, मला सांगितलं नव्हतं.

घरी जपमाळ. आजी जागी होती. फेरा पूर्ण झाला.

पुढची कामं: दोन बायकांची नावं लग्नाच्या रजिस्टरात शोधणं (फादरांनी डिसेंबरातली वेळ दिली आहे). आत्याआजींचं रेकॉर्डिंग उतरवून दिरांकडे पाठवणं. शनिवारी, ८ तारखेला, डोंगराखालच्या पाड्यांवर जायचं. त्या भागातले एक शिक्षक ओळखीचे आहेत, ते बरोबर येतील आणि म्हाताऱ्या माणसांशी गाठ घालून देतील. पहाटे रहाटावर कामाला गेलेला आणि परत न आलेला मुलगा कुणाच्या घरी आठवतात का, एवढंच विचारायचं. नकाशाची एक प्रत आणि पेन्सिल सोबत घ्यायची.